एकही खाडा नाही

आमच्या दिंडोरी तालुक्यात फेब्रुवारीतली सकाळ अजून हुडहुडी भरवते. पोरं कानटोप्या घालून येतात, परिपाठाला हात काखेत घालून उभी राहतात. पण अकरा वाजले की एकेक स्वेटर खिडकीच्या गजावर जाऊन बसतो. त्या गुरुवारी दुपारी पावणेतीनला पाचवीच्या वर्गात एकच स्वेटर अजून अंगावर होता. बाह्या पार मनगटापर्यंत ओढलेल्या, आणि तोंडाला पावडर इतकी की कानापाशी तिची रेघ दिसत होती.

"वैष्णवी, काढ गं तो स्वेटर. उकडत नाही का?"

"नाही बाई, थंडी वाजती."

(नाव बदललंय. बाकी सगळं घडलं तसं.)

रविवारी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. आमच्या शाळेतून पाच जण बसणार होते आणि वैष्णवी त्यातली माझी हुकमाची. सराव पेपर सोडवता सोडवता ती मानेमागे खाजवत होती, तेही चोरून, करंगळीनं. जवळ जाऊन कपाळाला हात लावला तर पावडरीखाली चटका बसेल असा ताप. कानामागचे केस बाजूला केले. केसांच्या मुळाशी एक टपोरा पाण्याचा फोड होता, पहाटे द्राक्षाच्या पानावर दव धरतं तसा. त्याच्या शेजारचा फुटून पिवळसर झालेला, आणि त्याच्या खाली नुसतीच एक लाल पुळी.

तिनं माझं मनगट धरलं. "बाई, घरी नका पाठवू. माझा एकही खाडा नाही."

हे वाक्य मीच तिला शिकवलं होतं. आमच्या व्हरांड्यात एक फळा होता. जूनपासून एकही दिवस न चुकवलेल्या मुलांची नावं त्यावर रंगीत खडूनं लिहायची, चुकवलं की सगळ्यांसमोर पुसायचं. पोरं त्याला 'बिनखाड्याचा फळा' म्हणायची. कल्पना माझी. शिक्षण परिषदेत तिचं कौतुक झालं, फोटो गटावर फिरला, केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दोन शाळांनी ती उचलली. आपल्याकडे हजेरीचं वेड जुनं आहे. ठरावीक गटांतल्या गरीब मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला, आणि त्यानं मुली शाळेत टिकल्या हे मी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे हजेरी वाढवणं हे पुण्यकर्म, याबद्दल माझ्या मनात तोवर कधी शंका आली नव्हती. २६ जानेवारीला बिनखाड्याच्या सात मुलांना सरपंचांच्या हस्ते स्टीलच्या बाटल्या दिल्या. वर्षभर नाव टिकलं तर १ मेला, निकालाच्या दिवशी, कप. वैष्णवीचं नाव वरून दुसरं होतं.

आता तिला बसवायचं कुठे? जिल्हा परिषदेच्या शाळेत आजारी मुलासाठी खोली नसते. ऑफिस म्हणजे माझं, मुख्याध्यापिकेचं, टेबल, दोन कपाटं आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती. शेवटी व्हरांड्याच्या टोकाला, कडुनिंबाखाली, सतरंजी टाकून तिला बसवलं आणि मी चार हातांवर खुर्ची घेऊन बसले. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, भुवईवर खूण आहे. आईला फोन लावला, तर बंद. ती द्राक्षाच्या टोळीत. टोळीतल्या बाया सकाळी सहालाच पिकअपमध्ये उभ्या राहून निघतात. बागेत फोन कुठे तरी डब्याच्या पिशवीत असतो. वडील बाहेरगावी गाडीवर. घरी दुसरं कुणी नाही.

मग स्टाफमध्ये विचारलं, कांजिण्या कुणाकुणाला येऊन गेल्यात. दोन हात वर झाले. पहिलीच्या मॅडमचा हात वर झाला नाही. त्यांना आठवा महिना लागला होता.

त्यांनी तिथंच संगमनेरला आईला फोन लावला. स्पीकर नव्हता, पण आईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "तुला नाही गं आल्या. तुझ्या भावाला आल्या तेव्हा तुला मामाकडे पाठवलं होतं, आठवत नाही का?" मॅडम फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. गेला महिनाभर रोज एक तास त्या माझ्या पाचवीला गणित घेत होत्या.

मी त्यांना लगेच घरी पाठवलं. रजेचा अर्ज नंतर बघू म्हटलं. निघताना त्या वैष्णवीकडे न बघता गेल्या, आणि ती पोर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मॅडम माझ्यावर रागावल्या का?"

सव्वाचारला प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सिस्टरना मागे बसवून मोटरसायकलवर आले. तरुण मुलगा, गोड बोलायची सवय नसलेला. त्यांनी आधी तिचं लसीकरण कार्ड विचारलं. ते घरी, पण सिस्टरना पाठ होतं. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत. ताप आणि अंगावर पुरळ म्हटलं की आधी गोवर नाही ना हे बघायचं, असा त्यांचा नियम, आणि २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवरानं मुलं दगावल्यापासून त्यात कुणी हयगय करत नाही. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तिच्या पाठीवर बोट न टेकवता एक वर्तुळ काढून दाखवलं.

"हे बघा मॅडम. तळहाताएवढ्या जागेत पुळी पण आहे, पाण्याचा फोड पण आहे, खपली पण आहे. तिन्ही एका वेळी. ही कांजिण्यांची सही. गोवर तोंडावरून खाली उतरत जातो, त्यात असे पाण्याचे फोड नसतात, डोळे लाल होतात, खोकला असतो." मग व्हरांड्यात डोकावून म्हणाले, "तुमच्याकडे आणखी असणार. ही पहिली नाही."

"आमच्याकडे हात धुण्याचं सगळं व्यवस्थित आहे," मी म्हटलं. म्हणजे अगदी असंच म्हटलं, आता लिहितानाही लाज वाटते. आठ नळांचं हॅण्डवॉश स्टेशन आहे, साबण जाळीत बांधलेला आहे, १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन आम्ही पोस्टर लावून साजरा करतो.

"ते जुलाबाला, डोळे येण्याला, हात-पाय-तोंडाच्या फोडांना कामाचं. हे हवेतून जातं. शेजारी बसून श्वास घेतला तरी पुरे. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत." त्यांनी चष्मा पुसला. "एका बंद खोलीत खूप वेळ बसतात का ही मुलं?"

मी डिजिटल वर्गाकडे बघितलं.

लोकवर्गणीतून केलेला आमचा डिजिटल वर्ग. प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून चारही खिडक्यांना बचत गटाच्या बायांनी शिवलेले जाड हिरवे पडदे, आणि सकाळचा गारठा म्हणून पडद्यांमागे तावदानंही बंद. शिष्यवृत्तीच्या तासाला चौथी-पाचवी एकत्र, चाळीस पोरं मांडीला मांडी लावून. गावात कुणी पाहुणा आला की आधी तो वर्ग दाखवायचा. डॉक्टर आत गेले, एक पडदा ओढला, तावदानाची कडी काढायला त्यांना जोर लावावा लागला. महिना-दोन महिन्यांत ती कुणी काढलीच नव्हती.

त्या संध्याकाळी मी हजेरीपत्रक उलटं वाचलं. आजपासून मागे. सत्तावीस वर्षं ते पुढच्या दिशेनं भरत आले, महिनाअखेर बेरीज केली, टक्केवारी काढली, सही ठोकली. मागे कधी वाचलं नव्हतं. सिस्टर शेजारी बसून फोन लावत होत्या. त्या दिवशी नऊ गैरहजर. पाच घरांतून एकच उत्तर: ताप आहे, अंगावर काही तरी उठलंय, उष्णता झाली असेल. पाचही पोरं चौथी-पाचवीची. त्याआधीचे दोन आठवडे जवळजवळ कोरे, सगळे हजर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लागण झाल्यापासून दहा ते एकवीस दिवसांत फोड उठतात, बहुतेकांना पंधरवड्याच्या आसपास. मी बोट दोन आठवडे मागे नेलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाचवीच्या एका मुलापुढे सलग दोन दिवस गैरहजेरी होती, सोमवार-मंगळवार, आणि बुधवारी हजर.

तो बुधवार मला लख्ख आठवत होता. पहिला मोठा सराव पेपर. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या. नाशिकला लग्नाला गेला होता, आल्यावर ताप आला. बुधवारी काका स्वतः गाडीवरून सोडायला आले. "बाई, थोडे फोड आलेत अंगावर, पण पोरगं म्हणतंय पेपर बुडवायचा नाही." मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. शाबास म्हटलं होतं. आणि वर्गाला म्हटलं होतं, "बघा, याला म्हणतात जिद्द."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तारखेखाली पेन्सिलनं रेघ मारली.

साडेसहाला वैष्णवीची आई आली. पिकअपमधून उतरून थेट शाळेत. हातांना द्राक्षाच्या चिकाचे काळे डाग, डोक्याला बांधलेला रुमाल तसाच. मी जरा चढ्याच आवाजात विचारलं, ताई, तुम्हाला रात्री दिसलं नाही का हे?

"दिसलं ना बाई. पावडर मीच लावून दिली."

मला वाटलं होतं, पोरीनं लपवलं.

"मग घरी का नाही ठेवलं?"

"कुणाच्या जिवावर ठेवू? हंगाम चालू हाये. टोळीत एक खाडा झाला तर मुकादम दुसरी बाई उभी करतो, मंग पुढं बोलवत नाही. शाळेत निदान बाई असतात, दुपारी खिचडी भेटती." मग जरा थांबून म्हणाली, "पोरीचा खाडा तुम्ही फळ्यावर लिहिता. माझा तो लिहितो."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. पोरीला सतरंजीवरून उठवता उठवता, हिशेब सांगावा तसं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी काय काय करायचं ते सिस्टरनी समजावलं: नखं कापा, साध्या पाण्यानं आंघोळ घाला, ताप आला तर पॅरासिटॅमॉल. दुकानातली ॲस्पिरिनची गोळी अजिबात देऊ नका, कांजिण्यांत ती लहान मुलांच्या यकृतावर आणि मेंदूवर उलटू शकते. खपल्या धरेपर्यंत शाळा नाही. ती मान डोलवत होती, पण "शाळा नाही"पाशी तिची मान थांबली.

शुक्रवारी सकाळी समितीची बैठक बोलावली. बैठक कसली, ओट्यावरच पंधरा-वीस माणसं जमली. रात्रीतून गावात निकाल लागला होता: हे सुरगाण्या-पेठेकडून हंगामाला आलेल्या मजुरांच्या पोरांनी आणलं, त्यांना शाळेतून काढा. तिकडची नऊ मुलं आमच्या पहिली-दुसरीत बसत होती. त्या नवांपैकी एकालाही तेव्हा काही नव्हतं. मी हजेरीपत्रक घेऊन आले होते. उघडलं आणि अध्यक्षांकडे बघितलं. नाव मी घेतलं नाही. आप्पा शहाणा माणूस, त्यांनीच घसा खाकरला आणि म्हणाले, "आमच्या घरातून आलंय ते. पण बाई, तुम्ही पण घेतलाच ना त्याला वर्गात."

घेतला होता. मी हो म्हटलं.

नंतर ग्रामपंचायतीनं फवारणी करू का विचारलं. करोनात घेतलेला पंप पडून होता. मी म्हटलं, पंप राहू द्या, डिजिटल वर्गाचे पडदे काढायला दोन माणसं द्या. पडदे उतरल्यावर त्या खोलीत धूळ उन्हात नाचताना दिसली, आणि पोरांनी प्रोजेक्टर दिसत नाही म्हणून गलका केला. पाचवीला मी चिंचेखाली नेलं. उघड्या रानात शिकवणं काही मोठी गोष्ट नव्हे, माझे गुरुजी तसंच शिकवायचे. आपण वर्गणी काढून आत कोंडून घेतलं.

खरी अडचण रविवारची होती. पाच परीक्षार्थींपैकी दोघांच्या अंगावर ओले फोड, वैष्णवी आणि एक मुलगा. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावच्या शाळेत, तिथं दहा-बारा शाळांची मुलं, एका बाकाआड एक. तालुक्याच्या कार्यालयात फोन केला. वेगळ्या खोलीत बसवता येईल का? दोनदा फोन फिरला, तिसऱ्यांदा उत्तर मिळालं: "मॅडम, तुमच्या स्तरावर निर्णय घ्या." नोकरीत हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. त्याचा अर्थ, काही झालं तर सही तुमची.

माझ्या स्तरावर मी निर्णय घेतला. दोघांना नेलं नाही. फेरपरीक्षा नसते हे मला ठाऊक होतं, वैष्णवीलाही ठाऊक होतं. शनिवारी तिच्या घरी हॉल तिकीट परत घ्यायला गेले नाही, फक्त सांगायला गेले. ती आतल्या खोलीतून म्हणाली, "बाई, मी तोंडाला मास्क लावीन ना. कोपऱ्यात बसीन." मी दारातून बोलत होते. काय बोलले ते आठवत नाही, लांबलचक काही तरी होतं.

रविवारी तीन जण परीक्षेला बसले. त्यात अध्यक्षांचा पुतण्या होता. त्याच्या खपल्या केव्हाच गळून गेल्या होत्या, नियमानं त्याला अडवायचं काही कारण नव्हतं. केंद्राबाहेर त्याला पाणी दिलं, पेन दोन आहेत ना बघितलं. पोराचा काय दोष? पण गाडीत परत येताना मी त्याच्याशी फारसं बोलले नाही, हेही खरं.

आता राहिला प्रश्न आयांच्या खाड्याचा. शुक्रवारपर्यंत अकरा मुलं झाली होती, त्यातल्या सहांच्या आया टोळीत. पोरं घरी ठेवा असं सांगणं सोपं होतं. तोडगा माझ्या डोक्यातून निघाला नाही. खिचडी करणाऱ्या ताईंच्या सासूबाईंनी काढला. आजी सत्तरीच्या पुढच्या. दंडावर देवीच्या लसीचे दोन गोल वण, रुपयाएवढे. आजी अजून कांजिण्यांना देवीच म्हणतात. देवी रोग देशातून गेला, १९७७ मध्ये तसं जाहीरही झालं, पण त्यांच्या लेखी ती फक्त लहान होऊन राहिली. "माझ्या दंडावर काढलेली हाये, मला काय धाड भरती?" सिस्टरनी समजावलं की आजी, ती लस वेगळी, हे दुखणं वेगळं. त्यावर आजी म्हणाल्या, "ही बी झाली मला, दहा वर्साची असताना. आन् तीन पोरांची काढली." ते मात्र चालण्यासारखं होतं.

समाजमंदिरात आजीनं सहा पोरं घेतली. सगळ्यांनाच कांजिण्या, त्यामुळे एकमेकांपासून भीती नाही. दारावर कडुनिंबाचे डहाळे बांधले. आणि आजीचे नियम लागू झाले: आत पाहुणा नाही, बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरची वस्तू आणायची नाही, खपल्या पडेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी बघायला आले, तर त्यांनाही आजीनं आधी पाय धुवायला लावले. आंघोळीवरून मात्र वाद झाला. देवीत अंगाला पाणी लावायचं नाही म्हणून आजी अडून बसल्या, डॉक्टर म्हणाले आंघोळ नाही घातली तर खाजवून फोड चिघळतील. शेवटी कडुनिंबाचा पाला टाकलेलं कोमट पाणी, यावर दोघांचं जमलं. डॉक्टर जाताना मला म्हणाले, "तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकलेली सूचना किती जणांनी पाळली?" मी म्हटलं, थम्स-अप खूप आलेत. त्या डहाळ्यांखालून मात्र आठ दिवस एक माणूस आत गेला नाही.

दुपारी आमच्या ताई खिचडीचा डबा तिथं पोचवायच्या. पोषण आहाराचा तांदूळ हजर मुलांच्या संख्येवर निघतो, गैरहजर मुलाच्या नावावर ताट दाखवता येत नाही. ते मी कसं बसवलं ते इथं लिहीत नाही.

पहिलीच्या मॅडमना त्यांच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली. बाळंतपणाच्या आगेमागे आईला कांजिण्या झाल्या तर नवजात बाळाला ते फार जड जातं, म्हणून त्यांना एका महागड्या इंजेक्शनची तयारी ठेवायला सांगितलं होतं. तीन दिवसांनी अहवाल आला: प्रतिकारशक्ती आहे. कधी तरी लहानपणी दोन-चार फोडांवर निभावलं असणार, कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. असं बऱ्याच मोठ्या माणसांचं निघतं म्हणे. त्या तीन दिवसांत मी मॅडमच्या घरी फोन करायचं धाडस केलं नाही. अहवाल आल्यावर त्यांनीच केला. दोघी मिळून रडलो आणि मग संगमनेरच्या आईला नावं ठेवून हसलो.

ऑफिसातल्या कालनिर्णयवर मी त्या गुरुवारपासून एकवीस दिवस मोजून गोल केला. पंधरवड्यानं दुसरी खेप आली, पण सहाच मुलांची, आणि त्यातल्या चौघांना घरातल्या भावंडांमुळे. मजुरांच्या मुलांपैकी दोघं त्यात होती. ती दोघं कुणाकडून घेऊन बसली हे गावात या वेळी कुणी विचारलं नाही. या खेपेला आयांनीच सकाळी पोरं परिपाठाआधी आणून दाखवली, शर्ट वर करून, पाठ उन्हाकडे. कांजिण्यांची लस आहे, पण ती सरकारी लसीकरणात नाही. खाजगीत घ्यावी लागते आणि दोन डोसांचा खर्च टोळीतल्या बाईला ऐकवण्यासारखा नाही. ते मी बैठकीत सांगितलं, दोघा-तिघांनी धाकट्यांना दिली. बाकीच्यांना माझ्याकडे द्यायला उघड्या खिडक्या होत्या, आणि "आज घरी ठेवा" हे वाक्य.

त्या महिन्याची उपस्थिती घसरली ती घसरलीच. केंद्रप्रमुख आले, टक्केवारी बघून भुवया वर केल्या, खुलासा मागितला. खुलासा लिहायची मला सवय आहे. 'साथीच्या आजारामुळे' म्हटलं की फाईल बंद होते. मी एक वाक्य जास्त लिहिलं: 'आजारी मुलांना मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून घरी ठेवण्यात आले.' केंद्रप्रमुखांनी ते वाचून विचारलं, "हे कशाला घालताय? उगाच अंगावर येईल." तसंच राहू द्या म्हटलं. हजेरीपत्रकात मात्र आजारी मुलांपुढे मी गैरहजेरीबरोबर पेन्सिलनं बारीक 'आ' काढायला लागले. त्याला शासनाची मान्यता नाही. मागे वाचायला बरं पडतं.

बाटलीचं सांगायचं राहिलं. पुढच्या गुरुवारी सिस्टरनी खपल्या बघून वैष्णवीला शाळेत सोडलं. गालावर एक खड्डा राहील असं दिसत होतं, खाजवलं होतं तिनं. परिपाठ झाल्यावर ती ऑफिसात आली आणि २६ जानेवारीची स्टीलची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. घासून आणली होती, आत थेंब नव्हता.

"ही काय?"

"माझे पाच खाडे झाले ना बाई."

मी म्हटलं, अगं ती तेव्हाची होती, तेव्हा तुझा खाडा नव्हता, ठेव तुझ्याकडे. आजारात घरी राहिलीस ते बरोबरच केलंस. फळा पण मी उतरवलाय, बघितलास ना? तिनं मान हलवली. बघितला होता. सगळं पटल्यासारखं ऐकून घेतलं आणि बाटली तिथंच ठेवून वर्गात गेली. नंतर दोनदा तिच्या दप्तरात घालून पाठवली. दोन्ही वेळा सकाळी टेबलावर.

ती आता माध्यमिकला जाते. बाटली ऑफिसात आहे. लोकवर्गणीतून घेतलेला थर्मामीटर मी तीत उभा ठेवते.